बहिणीचं नैराश्य दोन औषधं बदलूनही हटत नाही. डॉक्टर आता आरटीएमएस म्हणतात. हे म्हणजे शॉकच ना?

नाही, शॉक नव्हे. मी मानसोपचार विभागात हे मशीन चालवतो, आणि पहिल्या दिवशी जवळपास प्रत्येक नातेवाईक हेच विचारतो. शॉक म्हणजे ईसीटी. त्यात भूल देऊन विजेच्या प्रवाहाने मुद्दाम फिट आणतात. आरटीएमएस म्हणजे चुंबकीय क्षेत्राचे वारंवार ठोके देऊन मेंदूला चेतवणं. त्यात भूल नाही, फिट आणणंही नाही. पेशंट खुर्चीत जागा असतो, संपलं की उठून घरी जातो.

डोक्याला कॉइल टेकवतात. तिच्यातून क्षणभर जोरदार प्रवाह जातो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कवटी त्याला अडवत नाही. ते क्षेत्र झपाट्याने बदलतं म्हणून खालच्या मेंदूत बारीकसा प्रवाह उमटतो. शाळेतला फॅरेडेचा नियम, दुसरं काही नाही. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये तो अशा रीतीने मेंदूवर वापरून दाखवला. साध्या कॉइलची पोच दोन-तीन सेंटीमीटरच.

पहिल्या बैठकीत वेळ जातो तो मोजमापात. कॉइल हळूहळू सरकवत हाताचा अंगठा आपोआप उडतो ती जागा शोधायची आणि तो कितपत ताकदीला उडतो ते बघायचं. प्रत्येकाचा आकडा वेगळा. त्यावरून डोस ठरतो, मग कॉइल पुढे, बहुतेक वेळा कपाळाच्या डाव्या बाजूला. सुतारपक्षी टोच मारतोय असा आवाज येतो, म्हणून कानात बोळे. सुरुवातीला कॉइलखालची डोक्याची त्वचा दुखते, डोकं ठणकतं. पुढे बहुतेकांना सवय होते. फिट येण्याचा धोका आहे, पण फार क्वचित. डोक्यात धातूची क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र), छातीत पेसमेकर किंवा पूर्वी फिट आली असेल तर आधीच सांगा, हे लपवू नका.

आठवड्याला पाच दिवस, चार ते सहा आठवडे. जुन्या पद्धतीची एक बैठक सदतीस मिनिटांची. थीटा बर्स्ट, म्हणजे ठोके झटपट झुबक्यांनी देण्याची नवी पद्धत, तीन मिनिटांत आटोपते, आणि २०१८ च्या कॅनडातल्या मोठ्या चाचणीत ती तितकीच परिणामकारक ठरली. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामक संस्थेने, आरटीएमएसला नैराश्यासाठी २००८ मध्ये, ओसीडीसाठी (तेच तेच विचार आणि कृती करायला लावणारा आजार) २०१८ मध्ये परवानगी दिली. म्हणून सगळ्यांना गुण येतोच असं मात्र नाही, आणि औषधं स्वतःहून बंद करायची नाहीत.

बहिणीने खाणंपिणं सोडलं असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर आजच डॉक्टरांना कळवा. अशा वेळी ईसीटी लवकर काम करते, नाव ऐकून घाबरू नका. भूल न देता ती करायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. ऑनलाइन मिळणारे टीडीसीएस पट्टे, म्हणजे डोक्याला लावून एक-दोन मिलिअँपिअरचा सौम्य प्रवाह सोडणारे, वेगळे, ते डॉक्टरांना न विचारता लावू नका.

आणि हो, येताना तिला कानातले, केसांच्या पिना घरीच ठेवायला सांगा.