मिशीची अट आणि पायातले घुंगरू

(वाचकांच्या गाण्याबजावण्याच्या प्रश्नांना उत्तरं देतात अमळनेरचे एक निवृत्त बँडमास्तर)

प्रश्न : मास्तर, नमस्कार. मी चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. स्नेहसंमेलनासाठी पाचवीच्या मुलांचा ‘वायएमसीए’ या इंग्रजी गाण्यावर नाच बसवलाय. हात वर करून चार अक्षरं काढायची, मुलं खूश आहेत. पण एका पालकांनी मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि तक्रार केली, की हे ‘तसल्या’ लोकांच्या बारमधलं गाणं आहे. मुख्याध्यापक म्हणतात, गाणं बदला. खरं काय आहे? – एक शिक्षिका

उत्तर : ताई, पालकांनी वाचलं ते खरं आहे, पण अर्धंच वाचलंय. उरलेलं मी सांगतो.

हे गाणं गाणाऱ्या बँडचं नाव ‘व्हिलेज पीपल’. व्हिलेज म्हणजे आपलं खेडं नव्हे, न्यूयॉर्कमधली ग्रीनिच व्हिलेज ही वस्ती. 1969 साली तिथल्या ‘स्टोनवॉल’ या बारवर पोलिसांची धाड पडली आणि रोजच्या छळाला कंटाळलेले समलिंगी लोक उलटून उभे राहिले. त्यानंतर आठ वर्षांनी, 1977 मध्ये, जॅक मोराली आणि आँरी बेलोलो या दोन फ्रेंच निर्मात्यांनी हा बँड काढला. दोघांचा जन्म मोरोक्कोतल्या कॅसाब्लांकाचा. मोराली स्वतः समलिंगी होता, चाली त्याच्या.

बेलोलो एक हकिगत सांगायचा. दोघं व्हिलेजमधून चालले होते. पुढे अमेरिकी आदिवासीच्या वेशातला एक तरुण चाललेला, आणि त्याच्या पायातले घुंगरू वाजताहेत. त्या आवाजामागे हे दोघं एका बारमध्ये शिरले. तो तरुण, फेलिपे रोझ, तिथे कामाला होता आणि मधूनमधून नाचतही होता. काउबॉयच्या वेशातला एक माणूस उभा राहून त्याला बघत होता. झालं, मोरालीच्या डोक्यात बँड तयार. घुंगरांच्या आवाजामागे माणूस कुठवर जातो, हे तमाशा पाहिलेल्या खानदेशी माणसाला समजावून सांगायला नको.

गंमत अशी की पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा बँड नव्हताच. व्हिक्टर विलिस नावाचा गाणारा होता, वाजवणारे रोजंदारीचे, आणि कव्हरवर बहुतेक फोटोपुरते उभे केलेले लोक. गाण्यांची नावं म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, फायर आयलंड अशी समलिंगी मंडळींच्या जायच्या-यायच्या ठिकाणांची. रेकॉर्ड चालली, लोक म्हणाले स्टेजवर या. मग जाहिरात देऊन माणसं गोळा केली. अट काय? नाचता यायला हवं आणि मिशी हवी.

ही मिशीची अट वाचून मी बराच वेळ हसत बसलो होतो. कारण सांगतो. माझ्या बँडमध्ये वरातीपुढे नाचणारा एक गडी होता. आठ महिने जिनिंगमध्ये रुईचे बोजे उचलायचा, दंड असे की लुगड्यावरची चोळी उसवायची. लग्नसराई लागली की पहिलं काम, मिशी काढायची. मिशी असलेल्या नाच्याला सुपारी कोण देणार? तिकडे मिशी नसेल तर काम नाही, इकडे असेल तर नाही.

आणि यातच त्या बँडची सगळी मेख आहे. समलिंगी पुरुष म्हणजे बायकी, असं जग हिणवत होतं. तेव्हा त्या वस्तीतल्या पुरुषांनी उलटा डाव टाकला. जाड मिशा, कसलेलं अंग, चामड्याची जाकिटं. बँडने तेच सोंग स्टेजवर चढवलं. पोलीस, काउबॉय, इमारतीवरचा कामगार, सैनिक, चामड्यातला मोटरसायकलवाला आणि आदिवासी. मर्दानीपणाची सहा सोंगं ओळीने उभी. ज्याला आतली खूण माहीत त्याला ती कळत होती, बाकीच्यांना नुसती मजा.

‘वायएमसीए’ 1978 च्या शेवटी आलं. जानेवारी 1979 मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर होतं, अमेरिकेत पुढे दुसऱ्यापर्यंत चढलं. वायएमसीए ही तरुण ख्रिस्ती पुरुषांची संस्था, 1844 ची, लंडनमधली. मुंबईतली शाखासुद्धा 1875 ची आहे. नवख्या शहरात आलेल्या गरीब पोराला स्वस्तात खोली, तालीम, पोहायचा तलाव. अशा जागी समलिंगी तरुणांच्या ओळखी व्हायच्या, हे न्यूयॉर्कमध्ये जगजाहीर होतं. काउबॉय झालेला रँडी जोन्स सांगतो, की मोरालीला 23व्या रस्त्यावरची ती संस्था त्यानेच नेऊन दाखवली. संस्था आधी चिडली, कोर्टाची भाषा झाली, पुढे मिटलं.

ताई, तुमची मुलं जी अक्षरं काढतात ती बँडने बसवलेलीच नाहीत. 6 जानेवारी 1979 ला टीव्हीच्या एका नाचाच्या कार्यक्रमात समोरच्या पोरापोरींनी आपसूक हात वर करून ती काढली. गाणाऱ्यांनी ती तिथे पाहिली आणि उचलली. म्हणजे नाच मुळातच पोरांचा आहे, हे मुख्याध्यापकांना जरूर सांगा. गाण्यात मुलांनी ऐकू नये असा एक शब्द नाही. गाणं बदलू नका. पण ‘तसले लोक’ हा शब्द पुन्हा आला, तर तो तेवढा बदलायला सांगा. त्या पाचवीच्या पोरांत पुढे कोण कसं निघेल, हे तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही.

प्रश्न : मास्तर, मी मूळचा भुसावळचा, नोकरीला पुण्यात. मी गे आहे, घरी सांगितलेलं नाही. पुण्यातल्या प्राइड मिरवणुकीत ‘वायएमसीए’वर मी पहिल्यांदा मोकळेपणाने नाचलो. आता ते ट्रम्पसाहेबांच्या सभांत वाजतं, आणि मूळ गायकच म्हणतो की हे समलिंगींचं गाणं नाही. मग मी नाचलो ते काय होतं? – एक वाचक

उत्तर : भाऊ, तुझं पत्र दोनदा वाचलं. भुसावळचं नाव वाचून मलाही जुनं आठवलं.

1983 च्या सुमाराला तुमच्या रेल्वे कॉलनीत एक अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर राहायचे. त्यांच्या भावाने ऑस्ट्रेलियातून ही रेकॉर्ड पाठवली होती. त्यांच्या घरच्या लग्नाची सुपारी माझ्याकडे, म्हणून चाल ऐकायला गेलो. सोबत तो वर सांगितलेला नाचणारा गडी. त्याने कव्हर हातात घेतलं ते खाली ठेवेचना. मला म्हणाला, गाण्यात काय म्हणतात ते विचारा. साहेबांनी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, की अरे पोरा, नव्या शहरात एकटा आलास, वाईट वाटून घेऊ नको, राहायला एक जागा आहे. गड्याने हळूच मला विचारलं, “कोठे से ती जागा, मास्तर?”

मी हसण्यावारी नेलं. तो वरातीत नाचला की नोटा उडायच्या, पण पंगतीला त्याचं पान बाजूला मांडायचे, आणि मीही कधी काही बोललो नाही. पुढे घरच्यांनी त्याचं लग्न ठरवलं आणि तो सुरतला निघून गेला. एक कार्ड आलं होतं, त्यावर पत्ता नव्हता.

आता विलिसचं. मोरालीच्या चालीवर शब्द विलिसचे, आणि तो समलिंगी नाही. त्याच्या मनात शहरातल्या कृष्णवर्णीय पोरांचं हुंदडणं, खेळणं होतं असं तो म्हणतो. मी त्याला खोटं पाडणार नाही. पण चाल बांधणारा, नाचणारे आणि गाणं पहिल्यांदा डोक्यावर घेणारे लोक तो कसा पुसणार? माझी एक अहिराणी चाल एका कॅसेटवाल्याने 300 रुपयांत कायमची घेतली. आज ती डीजेवर वाजते, लोक तिला आपली म्हणतात. पैसे बुडाले याचा राग आहे, लोक आपली म्हणतात याचा नाही.

पैशांच्या बाबतीत विलिस माझ्यापेक्षा हुशार निघाला. अमेरिकेच्या कायद्यात 35 वर्षांनी आपली विकलेली निर्मिती परत मागता येते. त्याने मागितली, 2012 मध्ये कोर्टाने मान्य केली. 2015 मध्ये ज्यूरीने ठरवलं की या गाण्याचे कर्ते दोघंच, मोराली आणि विलिस. बेलोलोचं नाव गळालं. ट्रम्पच्या सभांना 2020 मध्ये नको म्हणणारा विलिस जानेवारी 2025 मध्ये त्यांच्याच मंचावर गायला. त्यात मला पडायचं नाही.

मला जास्त लागतं ते मोरालीचं. 1979 च्या जुलैमध्ये शिकागोच्या मैदानात डिस्कोच्या, म्हणजे याच धाटणीच्या नाचगाण्यांच्या, रेकॉर्डी विरोधकांनी सुरुंग लावून उडवल्या. 1980 मध्ये बँडचा सिनेमा आला तो आपटला, सगळ्यात वाईट सिनेमाचं पहिलं रॅझी बक्षीस त्यालाच. 1981 मध्ये सोंगं उतरवून नव्या फॅशनचे कपडे घातले, तर कुणी बघेना. मग एड्स आला आणि ज्या वस्तीतून हे गाणं उठलं तिथली घरंच्या घरं रिकामी झाली. मोराली 1991 मध्ये त्यातच गेला, वय 44. ‘गो वेस्ट’ हे त्याचंच जुनं गाणं. ‘पेट शॉप बॉइज’ या इंग्लंडच्या जोडीने पुढच्याच वर्षी मँचेस्टरमध्ये एड्सच्या मदतीच्या कार्यक्रमात ते गायलं, 1993 मध्ये रेकॉर्ड काढली. शब्द बहुतेक तेच, पश्चिमेला जाऊ, मोकळं जगू. पण आता ऐकताना गेलेल्यांची हजेरी घेतल्यासारखं वाटतं. तुझ्याकडे नसेल तर ते ऐक.

तू नाचलास तो नाच तुझाच होता. घरी सांगायचं की नाही, कधी, ते बँडमास्तरला विचारू नको, पण सुट्टीत भुसावळला आलास तर अमळनेर फार लांब नाही. पत्ता संपादकांकडे आहे. भरीत-पुरी माझ्याकडे, आणि पान माझ्या शेजारीच मांडलेलं असेल.

प्रश्न : मास्तर, हेच गाणं आम्हाला बँडवर बसवायचंय. एरंडोलला वरात आहे. जमेल का? – एक बँडवाला

उत्तर : मजेत जमेल. ढोल चारही मात्रांवर सारखा, वरातीत देतो तसाच, त्यात कारागिरी नको. गाणारा ‘यंग मॅन’ म्हणून हाक मारतो तिथे क्लॅरोनेट, आणि हाकेनंतरचे ठोके दोन ट्रम्पेटनी एकदम मारायचे, एकाने मारले तर फुसके वाटतात. घाई करू नका, नवरदेवाच्या घोडीला ढोलाची सवय असते, ट्रम्पेटची नसते.