कौल मागितलात, तर तो पाळा

जत तालुक्यातल्या गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले. लोकांचं म्हणणं एवढं स्पष्ट असताना लोकप्रतिनिधींनी ते का मानलं नाही? (एक वाचक, जत)

राज्याची सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या कलम ३ नुसार संसदेचा आहे. ग्रामसभेच्या ठरावाने ती हलत नाही. कायद्याचं उत्तर एवढंच, पण तेवढ्यावर थांबणं मला पटत नाही. त्या गावांना कर्नाटकाची ओढ नव्हती, पाणी हवं होतं. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी तालुक्याच्या पूर्व भागात पोहोचत नव्हतं. अशा वेळी ठराव शब्दशः घेणारा प्रतिनिधी चुकतो आणि ‘बेकायदा आहे’ म्हणून कागद बाजूला सारणाराही चुकतो. ठरावामागची मागणी ओळखून ती विधानसभेत लावून धरणं, हे त्याच्या विवेकाचं काम. ठराव २०१२ च्या सुमाराचे. २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी त्यांचा उल्लेख केला, वाद पेटला, आणि त्यानंतर विस्तारित म्हैसाळ योजना वेगाने हलली. मधली दहा वर्षं कुणाच्या हिशेबात धरायची, हे जतकरांनी प्रत्येक उमेदवाराला तोंडावर विचारावं.

आमच्या गावात दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदान झालं. आलेल्या बहुतेक बायकांनी आडव्या बाटलीला मत दिलं, तरी दुकान चालूच आहे. मग मत घेतलंच कशाला? (एक वाचक, कराड तालुका)

कारण इथे झालेल्या मतांचा नाही, तर यादीत नाव असलेल्या मतदारांचा निम्म्याहून जास्त पाठिंबा लागतो. नवऱ्याबरोबर मुंबईला राहणारी, लग्न होऊन सासरी गेलेली, एवढंच काय, मयत झालेली बाईसुद्धा नाव यादीत असेल तर दुकानाच्याच पारड्यात पडते. अट कडक आहे, कारण ती पुरी झाली की प्रशासनाला दुकान बंद करावंच लागतं. पण आकडा थोडक्यात हुकला म्हणून सरपंच-आमदारांनी हात झटकू नयेत. कायदा बांधील नसला तरी बायकांनी काय सांगितलं ते त्यांना कळलेलं आहे. पुढच्या वेळी मतदानाआधी यादी दुरुस्त करून घ्या. अर्धी लढाई तिथेच आहे.

ब्रिटनमध्ये बहुतेक खासदार युरोपीय संघात राहण्याच्या बाजूचे होते. तरी त्यांनी बाहेर पडण्याला मत दिलं. हा विवेक गहाण टाकणं नाही का? (एक वाचक, सांगली)

नाही. २३ जून २०१६ च्या सार्वमतात सुमारे ५१.९ टक्के मतं बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. कायद्याने तो कौल सल्ल्यापुरता होता, पण तुम्ही ठरवाल ते अमलात आणू, असं सरकारने घरोघरी पत्रक पाठवून सांगितलं होतं. असा शब्द देऊन लोकांना रांगेत उभं करायचं आणि निकाल आवडला नाही म्हणून फिरवायचा, ही फसवणूक ठरली असती.

मात्र मतपत्रिकेवर प्रश्न एकच होता: राहायचं की बाहेर पडायचं? बाहेर कसं पडायचं, आयर्लंडच्या सीमेचं काय, हे कुणी विचारलंच नव्हतं. तिथे खासदारांनी स्वतःची बुद्धी वापरायलाच हवी होती. २०१९ मध्ये त्यांनी सरकारचा करार तीनदा फेटाळला, तो त्यांचा हक्कच होता.

प्रतिनिधीने मतदारांसाठी राबावं, पण स्वतःचा निर्णय त्यांच्या मताखाली दडपू नये, असं ब्रिटिश खासदार एडमंड बर्कने १७७४ मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांना सुनावलं होतं. १७८० मध्ये पराभव समोर दिसल्यावर त्याला तिथून माघार घ्यावी लागली. विवेकाने वागायचं तर ही किंमत मोजायची तयारी हवी.

भारतात सार्वमताची सोय आहे का? (एक वाचक, वाई)

घटनेत तशी तरतूद नाही. गोव्यासाठी संसदेने खास कायदा केला आणि १६ जानेवारी १९६७ ला कौल घेतला. केंद्रशासित राहण्याला १,७२,१९१ मतं पडली, महाराष्ट्रात विलीन होण्याला १,३८,१७०. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचा पक्ष विलीनीकरणवादी; त्यांची हार झाली. पण दोन-अडीच महिन्यांत झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी त्यांनाच पुन्हा सत्ता दिली. एका प्रश्नावर नाकारलेला माणूस लोकांना कारभारासाठी हवा असू शकतो, हे आपण विसरतो.

आमदार व्हिपबाहेर, म्हणजे पक्षाच्या आदेशाबाहेर, मत देऊ शकत नाही. मग त्याचा विवेक आणायचा कुठून? (एक वाचक, फलटण)

१९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने मत बांधलं, तोंड नाही. सभागृहात बोलायला, प्रश्न विचारायला, समितीत आग्रह धरायला व्हिप आडवा येत नाही. तरीही व्हिप फक्त विश्वासदर्शक वा अविश्वास ठराव आणि अर्थसंकल्प यांपुरताच असावा, असं माझं ठाम मत आहे. बाकीच्या विधेयकांवर फलटणच्या आमदाराने फलटणकरांशी बोलून, स्वतः विचार करून मत द्यावं.