संभाजीनगरहून जर्मनीत आलोय, बुटाचा सोल सुटलाय. चांगला मोची कसा शोधू?

नकाशात ‘शूमाखर’ शोधा, म्हणजे मोची. स्टेशनवर किल्ल्या बनवणारे, बूटही दुरुस्त करणारे काउंटर असतात. टाच बदलायला ते ठीक, अख्ख्या सोलसाठी पाटीवर ‘माइस्टर’, म्हणजे कारागिरीची वरची परीक्षा पास झालेला उस्ताद, असं लिहिलेलं दुकान बघा. 2004 पासून ती परीक्षा सक्तीची नाही, म्हणूनच ज्यानं दिली त्याच्याकडं जावं.

आधी सोल अंगठ्यानं दाबा. शिळ्या भाकरीसारखा चुरा पडला तर सोलचं पॉलियुरेथेन (एक प्लास्टिक) ओलाव्यानं सडलंय. सोलच बदलावा लागेल. नुसता उकलला असेल तर विचारा, जुना गोंद खरवडणार का? वरूनच गोंद लावला की पुन्हा सुटतो. नवा दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटेनासा झाल्यावरच दाबायचा. संभाजीनगरच्या शहागंजातल्यासारखं उभ्या-उभ्या काम होईलच असं नाही. दर आधी विचारा, पावती जपा.