माणसंच बदललेलं शहर

प्रश्न : पोलंडमधलं व्रोत्सवाफ आधी जर्मन होतं आणि तिथले झाडून सगळे लोक बदलले असं वाचलं. एवढं मोठं शहर रिकामं होतं कसं? आणि मग ते मूळचं कुणाचं?

उत्तर : मूळचं कुणाचं हे तुम्ही कुठलं साल धरता त्यावर आहे हो. १००० साली पोलिश राज्यात तिथं बिशपची गादी आली, १२४१ च्या मंगोल स्वारीत शहर जळलं आणि पुढे जर्मन वस्ती वाढत गेली, १३३५ मध्ये बोहेमिया (आजच्या चेकमधलं राज्य), १५२६ मध्ये ऑस्ट्रियाचं हाब्सबर्ग घराणं, मग प्रशिया या जर्मन राज्याच्या फ्रेडरिक राजानं १७४१ मध्ये घेतलं आणि ब्रेस्लाउ हेच जर्मन नाव रूढ झालं. १९४५ ला पोलिश सरकारनं सायलीशियाला, म्हणजे हे शहर ज्यात आहे त्या प्रांताला, 'परत मिळवलेला प्रदेश' म्हटलं, मधली सहाशे वर्षं सरळ गाळून!

रिकामं व्हायला सुरुवात जानेवारी १९४५ ला झाली. सव्वासहा लाखांचं शहर, सोव्हिएतची रेड आर्मी जवळ आलेली, आणि नाझी अधिकाऱ्यांनी बायकापोरांना कडाक्याच्या थंडीत पायी बाहेर काढलं, कित्येक वाटेतच गोठून गेले. बर्लिन पडल्यावरही हे शहर चार दिवस लढत होतं, ६ मेला शरण आलं. मग पोट्सडॅममध्ये, विजेत्या दोस्त राष्ट्रांच्या बैठकीत, पोलंड पश्चिमेकडे सरकवायचं ठरलं, म्हणजे ओडर-नाइसे नद्यांपर्यंतचा भाग पोलंडच्या ताब्यात आणि तिथल्या जर्मनांची रवानगी जर्मनीत.

तिकडे पूर्वेला ल्वूफ, आजचं ल्विव, सोव्हिएतकडे गेलं म्हणून तिथले पोलिश लोक मालगाड्यांत बसून इकडे आले. येताना नुसती भांडीकुंडी नाही आणली बरं का, नाटककार फ्रेद्रोचा पुतळासुद्धा आला, १९५६ मध्ये तो मुख्य चौकात जिथं आधी प्रशियाचा राजा घोड्यावर बसलेला होता तिथंच बसवला. रात्सवावित्सेच्या लढाईचं प्रचंड गोल चित्रही आलं, पण सोव्हिएतच्या धाकातल्या पोलंडमध्ये रशियाविरुद्धच्या लढाईचं चित्र म्हटल्यावर ते लोकांना बघायला थेट १९८५ उजाडलं.

तरी सगळे ल्वूफचेच आले ही मात्र लाडकी दंतकथा आहे, मध्य पोलंडमधून आलेलेच जास्त. शिवाय १९४७ च्या 'ऑपरेशन विस्वा'त सुमारे १ लाख ४० हजार युक्रेनियन आणि लेम्को (कार्पेथियन डोंगरातले) लोकांना घरातून उचलून पोलंडच्या पश्चिम-उत्तर भागात विखरून टाकलं, त्यांना कुणी विचारलंही नाही.

नव्यांना घर मिळालं ते दुसऱ्याचं, कपाटात ताटं जर्मन, नळावर अक्षरं जर्मन. अशा वस्तूंना पोलिशमध्ये शब्दच आहे, 'पोन्येम्येत्स्के', म्हणजे जर्मनांच्या मागे राहिलेलं. जर्मन परत येतील या धास्तीनं कित्येकांनी वर्षानुवर्षं घराची डागडुजीही केली नाही, बॅगा भरलेल्याच. सीमेवर जर्मनीची पक्की सही झाली ती १४ नोव्हेंबर १९९० ला.

आणि आता २०२२ पासून त्याच ल्विवकडून युक्रेनियन कुटुंबं येतायत, शहरात पुन्हा दुसरी भाषा ऐकू येते.