विसरभोळेपणा आणि स्मरणशक्तीच्या गोळ्या

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. रावेर तालुक्यात आमची केळीची बाग आहे. अलीकडे ते ठिबकचा कॉक उघडतात आणि बंद करायला विसरतात. मधुमेहासाठी त्यांना बारा वर्षांपासून मेटफॉर्मिन चालू आहे. घर माळकरी आहे. एका नातेवाइकांनी स्मरणशक्तीसाठी जिंकोच्या (जिंको या झाडाच्या पानांच्या अर्काच्या) गोळ्या आणून दिल्या आहेत. त्या द्याव्यात का?

उत्तर : त्या गोळ्या तूर्त बाजूला ठेवाव्यात. अमेरिकेत ७५ वर्षे व त्यावरील ३,०६९ जणांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज दोनदा १२० मिलिग्रॅम जिंको घेऊनही स्मृतिभ्रंशाचे प्रमाण घटले नाही. शिवाय रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास जिंकोमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

मला खरी काळजी वाटते ती ब-१२ जीवनसत्त्वाची. ते मांस, मासे, अंडी व दूध यांतून मिळते. कळण्याची भाकरी आणि भरीत कितीही पौष्टिक असले, तरी त्यांत ते नसते, आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने त्याचे शोषणही कमी होऊ शकते. चपला पायातून निसटल्या तरी वडिलांना कळत नाही, तळपायांना मुंग्या येतात, असे कमतरतेचे काही लक्षण आहे का, हे त्यांना आवर्जून विचारावे. रक्तातील ब-१२ आणि थायरॉइड तपासून घ्यावे. कमतरता आढळल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने इंजेक्शन किंवा गोळ्या घ्याव्यात. ती लवकर भरून काढली, तर विसरभोळेपणात सुधारणा होऊ शकते. मेटफॉर्मिन मात्र स्वतःहून बंद करू नये. रक्तदाब आणि ऐकू येण्याची तपासणीही त्याच फेरीत उरकावी.