मैत्रिणीसोबत कोमो सरोवर: साडेचौदा हजारांची टूर की साधी रेल्वे?

नाशिकच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेचं पत्र आहे. मुलगी इटलीत मिलानला नोकरी करते. ऑक्टोबरमध्ये ताई तिच्याकडे जाणार आहेत, आणि सोबत शाळेपासूनची मैत्रीण. मुलीला रजा नाही, त्यामुळे एक दिवस दोघी मिळून कोमो सरोवराला जाऊन येणार. एका टूर कंपनीचा प्रस्ताव हातात आहे: माणशी १४,५०० रुपये, जेवण वेगळं, आत्ता भरले तर सवलत आणि रद्द केलं तर परतावा नाही. मुलगी म्हणते, रेल्वेनं जा, स्वस्तात होईल. ताईंचे प्रश्न असे: टूर घ्यावी का? मैत्रिणीचेही पैसे मीच भरावेत का? तिथल्या लोकल गाडीवर विसंबावं का? आणि क्रेडिट कार्ड वापरायचं की फॉरेक्स कार्ड (आधी परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड), टीसीएस, म्हणजे व्यवहार करतानाच घेतला जाणारा कर, कापला जाईल का?

नमस्कार ताई,

पत्रात तुम्ही स्वतःची आर्थिक स्थिती सविस्तर लिहिली आहे. पेन्शन ५२ हजार, घर स्वतःचं, कर्ज नाही, मेडिक्लेम चालू. तुमच्यापुरतं उत्तर एका ओळीत संपतं: टूर परवडते, हवी असेल तर घ्या. साडेचौदा हजारांनी तुमच्या म्हातारपणाला धक्का लागत नाही. हेच पैसे १२ टक्क्यांनी वीस वर्षं गुंतवले तर किती होतील, हे गणित मी तुम्हाला मांडून दाखवणार नाही. वयाच्या साठीत, मुलीला भेटायला निघालेल्या बाईला ते गणित सांगणं हा आमच्या व्यवसायातला सर्वांत कंटाळवाणा विनोद आहे.

पण तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, जवळजवळ कंसात टाकल्यासारखं: ‘ती खासगी शाळेत होती, पेन्शन नाही, पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत दहा लाख आहेत त्यावर आणि थोड्या एफडीवर चालतं.’ माझ्या मते निर्णय या वाक्यावर व्हायला हवा.

पोस्टातल्या त्या योजनेवर सध्या ८.२ टक्के व्याज आहे आणि ते दर तिमाहीला हातात पडतं. दहा लाखांवर तिमाहीचे २०,५०० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ६,८००. आता टूरचे साडेचौदा हजार आणि वर जेवणखाण्याचे तीन हजार धरा, साडेसतरा हजार झाले. तुमच्यासाठी ती पेन्शनची एक तृतीयांश रक्कम आहे. तिच्यासाठी ते अडीच महिन्यांचं व्याज आहे, आणि तेही एका दिवसात. विमानाचं तिकीट, ९० युरोंची व्हिसा फी, विमा हे सगळं तिनं आधीच भरलंय. ती तुम्हाला नाही म्हणणार नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या मैत्रीत कोण म्हणतं? ‘जे सगळ्यांचं ते माझं’ असं ती म्हणाली, हे तुम्हीच लिहिलंय. ज्यांच्या हातात पैसा मोजून येतो ती माणसं हे वाक्य फार पटकन बोलतात.

मग तिचे मी भरू का, हा तुमचा पुढचा प्रश्न. पूर्ण टूरचे भरू नका. तुम्हीच लिहिलंय की गेल्या वेळी हॉटेलचं बिल तुम्ही परस्पर दिलंत तर ती दोन दिवस घुश्शात होती. साडेचौदा हजार कुणी आपल्यावर खर्च केले की ते डोक्यात राहतात. परत आल्यावर ती ते कशात तरी फेडू बघेल, साडी आणेल, तुमच्या नातवाच्या बारशाला ऐपतीपेक्षा मोठं काहीतरी करेल. तिला तिच्या पैशानं, मान वर ठेवून फिरता येईल असाच दिवस आखा. दोघींच्या सहलीचं बजेट नेहमी हलक्या पाकिटानं ठरवावं, जड पाकिटानं ठरवू नये.

आता रेल्वेचा हिशेब. सोयीसाठी १ युरो म्हणजे १०० रुपये धरतो. प्रत्यक्षात दर त्याहून थोडा वर गेला तरी दोन्ही पर्यायांतलं अंतर फारसं बदलणार नाही.

मिलानो चेंत्राले या मुख्य स्टेशनवरून तिरानोच्या दिशेनं जाणारी प्रादेशिक गाडी पकडायची आणि वारेन्ना-एझिनो स्टेशनवर उतरायचं. प्रवास तासाभराचा. भाडं एका बाजूचं साडेसात युरोंच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन पंधरा. वारेन्नाच्या धक्क्यावरून बोट. सरोवराच्या मधल्या भागातल्या गावांसाठी, म्हणजे वारेन्ना, बेलाजिओ, मेनाज्जो, कादेनाब्बिया, दिवसभराचा पास साधारण १५ युरोंना मिळतो. त्यात कितीही वेळा चढा-उतरा. वारेन्नातल्या व्हिला मोनास्तेरोची बाग पाहायची तर दहा-बारा युरो. जेवणात एकेक पास्ता, पाणी आणि कोपेर्तो मिळून पंचवीस. कोपेर्तो म्हणजे टेबलावर बसल्याबद्दलचे माणशी दोन-तीन युरो. बिलात दिसले की भांडू नका, तिकडे ती रीतच आहे. कॉफी, आइस्क्रीम आणि किरकोळ धरून सात-आठ. बेरीज पंचाहत्तरच्या आसपास येते, आपण ८० धरू. माणशी आठ हजार रुपये.

टूरचे जेवणासकट साडेसतरा हजार होते, म्हणजे फरक माणशी साडेनऊ हजारांचा, दोघींचा एकोणीस हजारांचा. मैत्रिणीचा गुडघा दुखतो असं तुम्ही लिहिलंय. साडेनऊ हजारांत तिची फिजिओथेरपीची बरीचशी सत्रं होतील. मला कुणी विचारलं तर तो पैसा तिथं जावा.

या साडेनऊ हजारांत टूरवाला तुम्हाला नेमकं काय देतोय? तुम्ही पाठवलेला कार्यक्रम वाचला. सकाळी ९ ला मिलानहून बस, कोमो गावात एक तास, बोट, बेलाजिओत दीड तास, मग सीमा ओलांडून स्वित्झर्लंडमधलं लुगानो, तिथं एक तास, संध्याकाळी ७ ला परत. दोन देश एका दिवसात, फोटो भरपूर. पण दहा तासांत सरोवरकाठी मोकळे असे साडेतीन तास, तेही तीन तुकड्यांत. गुडघा दुखणाऱ्या बाईला गाइडच्या छत्रीमागे चालावं लागणार आणि ‘बरोबर सव्वादोनला बसपाशी’ असा हुकूम सुटणार. लुगानोत कॉफी प्यायची तर स्विस फ्रँकचा भाव. खरं सांगायचं तर टूरमध्ये तुम्ही सोय विकत घेत नाही आहात, चुकामूक होण्याची भीती घालवायचे पैसे देताय. ते पैसे देण्यात काही गैर नाही. मुलगी तिथं नसती, दोघींनाही स्मार्टफोन नीट वापरता येत नसता, तर मीच म्हटलं असतं टूर घ्या. पण तुमची मुलगी तिथंच राहते, आदल्या संध्याकाळी गाडीची वेळ पाहून देऊ शकते आणि दिवसभर फोनवर आहे. भीतीचा विमा घरातच फुकट मिळत असताना तो बाहेरून घ्यायचं कारण दिसत नाही.

लोकल गाडीची तुमची शंका समजू शकतो. आपल्याकडे ‘लोकल’ म्हटलं की डोळ्यांसमोर संध्याकाळची सहाची कल्याण येते. तसं नाही. बसायला नीट जागा असते, फक्त जागा आरक्षित नसते. हा लोहमार्ग तर इतिहासातला नावाजलेला आहे. लेक्को ते कोलिको आणि पुढं जाणारा हा रस्ता १९०२ साली विजेवर आला, हंगेरीचे अभियंते काल्मान कान्दो यांच्या रचनेनुसार. आपली व्हीटी-कुर्ला विजेची गाडी सुरू झाली ती १९२५ मध्ये. जाताना डाव्या हाताची खिडकी पकडा. लेक्को सुटलं की पाणी त्या बाजूला लागतं आणि वारेन्नापर्यंत सोबत राहतं, मध्ये मध्ये बोगदे.

आणि या गाड्यांची पैशाच्या दृष्टीनं सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे प्रादेशिक गाडीचं भाडं ठरलेलं असतं. महिनाभर आधी काढा की गाडी सुटायच्या दहा मिनिटं आधी, तेवढंच. वेगवान गाड्यांचं तसं नसतं, तिथं उशीर केला की भाडं चढतं. म्हणून ‘आत्ता भरा, सवलत मिळवा’ या दबावाला इथं काहीच अर्थ उरत नाही. मशीनवर कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्या. तिकीट असूनही शिक्का नसेल तर तपासनीस दंड करतो, आणि ‘मी मुख्याध्यापिका होते’ हे त्याला इटालियनमध्ये पटवणं अवघड जाईल.

उशिरा ठरवण्याचा आणखी एक फायदा आहे. इटलीत रेल्वेचे संप होतात, त्याला ‘शॉपेरो’ म्हणतात. ते आधी जाहीर होतात आणि बरेचदा शुक्रवारी असतात. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक गाड्या चालवणं संपातही बंधनकारक असतं, पण तुम्ही त्या भानगडीत पडू नका. आठवड्यातला मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार मनात धरा. आदल्या दिवशी हवामान आणि संप दोन्ही पाहा. पाऊस असेल तर दुसऱ्या दिवशी जा. परतावा नसलेली टूर घेतली तर भर पावसात बोटीच्या काचेआडून सरोवर पाहावं लागेल, कारण पैसे अडकलेत. शनिवार-रविवार टाळा, वारेन्नाच्या फलाटावर आणि धक्क्यावर गर्दी होते, आणि दुखऱ्या गुडघ्यानं ताटकळत उभं राहणं महागात पडतं.

गुडघ्यासाठी एवढंच: बेलाजिओतल्या पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्या फोटोत सुंदर दिसतात, त्या खालून पाहा. काठाकाठानं सपाट चालता येतं. वारेन्नाचं स्टेशन गावाच्या वरच्या अंगाला आहे. धक्क्यापर्यंत उतार, येताना चढ. परतीला घाई नको म्हणून पाचच्या सुमारास गाडी धरा, शेवटच्या गाडीचा भरवसा ठेवू नका. हे सगळं तिला जमणार नाही असं वाटलं तर वारेन्ना सोडून कोमो शहर करा. मिलानच्या कादोर्ना स्टेशनवरून सुटणारी गाडी तासाभरात थेट पाण्यालगतच्या स्टेशनवर उतरवते, आणि भाडंही याहून कमी आहे. १८९४ पासून चालू असलेली ब्रुनाते गावाची, दोरखंडानं ओढली जाणारी रेल्वे बसल्या बसल्या डोंगरावर नेऊन सोडते.

पैसे कसे द्यायचे, ते थोडक्यात. परदेशात क्रेडिट कार्ड वापरलं तर सध्या टीसीएस नाही. फॉरेक्स कार्डात भरलेली रक्कम एलआरएसमध्ये, म्हणजे परदेशी पैसे नेण्या-पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत मोजतात, पण आर्थिक वर्षात दहा लाखांपुढे गेल्याशिवाय टीसीएस लागत नाही. तुम्ही त्याच्या जवळपासही नाही. बहुतेक क्रेडिट कार्डांवर परकीय चलनासाठी साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ४.१३ टक्के. दोघींच्या सोळा हजारांवर ते साडेसहाशे रुपये होतात. तेवढ्यासाठी नवीन कार्ड काढायची धावपळ करू नका. आधीच फॉरेक्स कार्ड घेतलं असेल तर ते वापरा. फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दुकानातलं मशीन ‘रुपयांत द्यायचे की युरोत’ असं विचारतं. रुपये ओळखीचे वाटतात म्हणून हात तिकडे जातो, आणि दर मशीनवाल्याचा लागतो. दर वेळी युरोच दाबा.

आता मैत्रिणीच्या हिशेबाची सोय. त्या दिवसापुरतं एक सामायिक पाकीट करा. सकाळी निघताना दोघींनी त्यात साठ-साठ युरो टाकायचे, सुट्ट्या नोटांत. तिकीट, बोट, बाग, कॉफी, सगळं त्यातून. पाकीट तिच्या पर्समध्ये ठेवा, तुमच्या नाही. मग प्रत्येक काउंटरवर ‘मी देते, मी देते’ होत नाही आणि रात्री वहीत कुणाचे किती निघतात ते लिहावं लागत नाही. उरलेले निम्मे-निम्मे. तुम्हाला तिच्यासाठी काही करायचंच असेल तर दुपारचं जेवण करा. ते आधीच सांगून टाका, ‘जेवण माझ्याकडून’. पंचवीस युरोंचं जेवण मैत्रीत बसतं, ते फेडायची तिला गरज वाटणार नाही, फार तर संध्याकाळचं आइस्क्रीम ती देईल. ती दशम्या आणि चटणी बांधून घेऊ म्हणेल. घ्या, गाडीत खा. पण जेवण काठावर बसूनच करा, तिथं काटकसर नको.

शेवटचं काम आजचं आहे. तिला फोन करून आकडा सांगा: जेवण सोडून पंचावन्न युरो, जास्तीत जास्त साठ. ‘परवडेल का’ असं विचारू नका, नुसता आकडा सांगा आणि पुढचा विषय काढा. टूरवाल्याला नाही कळवून टाका. आणि दोघींच्या प्रवास विम्यात आधीपासूनची दुखणी, विशेषतः तो गुडघा, धरलेली आहेत का ते पॉलिसीत वाचून घ्या. व्हिसासाठी घेतलेल्या ३० हजार युरोंच्या विम्यात ते असेलच असं नाही.