वाचकांचे प्रश्न : नववीची सहल, कयाक आणि समुद्र

प्रश्न : आमच्या शाळेची नववीची २४ मुलंमुली डिसेंबरात तीन दिवस दापोलीकडे कयाकिंग आणि कॅम्पिंगला न्यायची आहेत. हातात सहा आठवडे आहेत. आधी व्यायाम घ्यावा की वल्हं मारण्याचा सराव? – एक शिक्षिका, कोथरूड

उत्तर : दोन्हींच्या आधी पाण्यात पडायचा सराव घ्या. वल्हं मारायला मुलं तासाभरात शिकतात. कयाक (वल्ह्याने चालवायची निमुळती छोटी होडी) उलटल्यावर काय करायचं, ते मात्र अंगवळणीच पडलेलं असावं लागतं.

पहिले दोन आठवडे पोहण्याच्या तलावावर. प्रत्येकाने टी-शर्ट आणि हाफपँट घालून न थांबता ५० मीटर पोहायचं; वेळ मोजायची नाही. मग लाइफ जॅकेट घालून १० मिनिटं पाठीवर नुसतं तरंगायचं. यात कोण घाबरतं ते पहिल्याच दिवशी कळतं, आणि त्या मुलांना पुरेसा वेळ देता येतो.

पुढचे आठवडे खऱ्या कयाकवर, पण पवना किंवा मुळशीसारख्या संथ पाण्यात आणि परवाना असलेल्या संस्थेबरोबरच. खुल्या बैठकीची, दोघांची कयाक मागा. बंद कयाकमध्ये कंबरेभोवतीचं आवरण पाण्याखाली ओढून सोडवावं लागतं. सहा आठवड्यांत नवख्या मुलांकडून ती अपेक्षा नको.

उलटण्याचा सराव असा घ्या. पाण्यात पडल्यावर आधी कयाक धरायची, मग वल्हं, मग जोडीदाराला हाक मारायची. कयाक सोडून किनाऱ्याकडे पोहायचं नाही. रिकामी कयाक वाऱ्याने माणसापेक्षा वेगाने वाहत जाते, आणि लाटांत एकटं डोकं बोटीवरून दिसत नाही. कयाक पालथी असेल तर दोघांनी एका बाजूला यायचं, हात वरून पलीकडे टाकून तिकडचा पट्टा पकडायचा, गुडघा जवळच्या कडेला लावायचा आणि अंग मागे टाकायचं. ती सरळ होते. मग एकाने पलीकडून कड दाबून धरायची आणि दुसऱ्याने चढायचं : आधी पोट कयाकवर आडवं, मग वळून बूड, शेवटी पाय.

बहुतेक मुलं एकाच ठिकाणी अडतात. पाय खाली लोंबते ठेवून ती नुसत्या हातांच्या जोरावर वर यायला बघतात. पाय कयाकखाली सरकतात, कड खाली दबते आणि कयाक पुन्हा अंगावर येते. म्हणून चढण्याआधी पाय मागे लांब करून पाण्याच्या वर आणायचे आणि जोरात लाथा मारत पोट पुढे ढकलायचं. दोन मिनिटांत वर येणं, तेही लागोपाठ तीनदा. तिसऱ्या खेपेला मूल दमलेलं असतं आणि खरी परीक्षा तीच. ज्याला हे जमलं नाही, त्याला समुद्रात कयाकवर बसवू नका, पालक कितीही आग्रह करोत.

सहा मुलांमागे एक प्रशिक्षक आणि सोबत एक मोटारबोट हवीच. महाराष्ट्राच्या साहसी पर्यटन धोरणानुसार (२०२१) संस्थेची नोंदणी झालेली असावी लागते. ते प्रमाणपत्र हातात घेऊन बघा.

प्रश्न : मुलीला पोहता येत नाही. लाइफ जॅकेट असल्यावर काय भीती, असं शाळा म्हणते. पाठवू का? – एक आई, सिंहगड रस्ता

उत्तर : कॅम्पला पाठवा, कयाकवर बसवायचं ते मात्र वरच्या चाचण्या पार पडल्यावरच. सैल जॅकेट पाण्यात कानापर्यंत वर सरकतं आणि हनुवटी अडवतं. घातल्यावर सगळे पट्टे आवळा आणि मागे उभं राहून दोन्ही खांद्यांना धरून वर ओढा. जॅकेट कानाला लागलं तर ते मोठं आहे किंवा पट्टे ढिले आहेत. बांध्याने बारीक मुलींना मोठ्यांचं जॅकेट देऊन भागवतात. ते चालवून घेऊ नका. जॅकेटला शिट्टी बांधलेली हवी.

प्रश्न : तारीख आणि वेळ कशी ठरवावी? – क्रीडाशिक्षक, चिंचवड

उत्तर : शाळेची सुट्टी बघण्याआधी भरती-ओहोटी बघा. कोकणातला जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. द्वादशीला १२ ची पाऊणपट ९, म्हणजे नऊच्या सुमारास पूर्ण भरती. हा हिशेब मुंबईच्या आसपास बसतो, दक्षिणेकडे भरती आधी लागते. म्हणून अंतिम वेळ त्या बंदराच्या कोष्टकातूनच घ्या. रोज भरती साधारण ५० मिनिटं पुढे सरकते.

नवख्यांसाठी खाडी बरी. भरती नऊची असेल तर साडेसातला चढत्या पाण्याबरोबर आत जायचं, भरती पूर्ण झाली की पाणी थोडा वेळ थांबतं तिथे वळायचं, आणि उतरत्या पाण्याबरोबर परतायचं. उतरण्याची जागा मात्र खाडीच्या तोंडापासून बरीच आत हवी. ओहोटीचं पाणी तोंडाशी समुद्राच्या लाटांना भिडतं आणि वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ सगळ्यात जास्त असते. ते दिवस टाळा. दाभोळच्या खाडीत आत चिपळूणच्या बाजूला मगरी आहेत, तिथे मुलं नेऊ नका.

खुल्या समुद्रावर सकाळच्या मतलई वाऱ्याने किनाऱ्याजवळचं पाणी सपाट दिसतं, पण तोच वारा कयाक बाहेर नेतो. दुपारकडे खारे वारे सुरू होतात आणि पाणी खवळतं. अकराच्या आत सगळे वाळूवर परत हवेत. नवखी मुलं ताशी ३-४ किलोमीटर जातात, त्यामुळे एकूण ६ किलोमीटर पुष्कळ झाले.

प्रश्न : सोबत काय घेऊ? मोबाइल चालेल? – नववीतला एक विद्यार्थी

उत्तर : जीन्स नको. ती भिजली की जड होते आणि वाळत नाही. पूर्ण बाह्यांचा पातळ टी-शर्ट, दोरीची टोपी, आणि मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने कॅनव्हास बूट घे. खडकांवरची कालवं तळपाय कापतात. पाण्यावरच्या दिवसासाठी ३ लिटर पाणी आणि ओआरएसची दोन पाकिटं, एका लिटरला एक. कोरडे कपडे ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेव. आतली हवा दाबून काढ, तोंड निदान तीनदा गुंडाळ, मग बकल लाव. एकदाच गुंडाळलं तर पाणी शिरतं. मोबाइल सरांकडे दे.

प्रश्न : तंबू वाळूवरच टाकावेत का? मुलांना तेच हवंय. – पालक, हडपसर

उत्तर : भरतीने सोडलेल्या काटक्या-शेवाळाच्या सर्वांत वरच्या रेषेच्याही मागे. नारळाखाली नको, आणि सुरूच्या बनात चूल नको. खालचा पाला भुरकन पेटतो. कासवांची घरटी असलेल्या किनाऱ्यांवर रात्री विजेऱ्या घेऊन हिंडू नये. वाळूखाली त्यांची अंडी असतात.

पण काळजी करायची ती कयाक परत आल्यानंतरच्या रिकाम्या दुपारची. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगडमधल्या मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. म्हणून शिक्षकांचे पहारे आधीच वाटून घ्या. प्रशिक्षक पाण्यात उभे नसतील तर कुणाचाही पाय पाण्यात नको, आणि दर तासाला जोडीने हजेरी. तटरक्षक दलाचा १५५४ आणि ११२ हे क्रमांक प्रत्येक शिक्षकाजवळ कागदावर लिहिलेले असावेत. निघण्याची आणि परतण्याची वेळ गावातल्या एखाद्या मच्छीमाराला सांगून ठेवा. पाण्याची त्या दिवशीची चाल त्याला सगळ्यात आधी कळते, आणि तो ‘आज नको’ म्हणाला तर कार्यक्रम रद्द करा.